बोटाखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी डावी काडी अजून मूळची आहे. उजवीच्या जागी काळा दोरा बांधलेला आहे आणि तो कानाभोवती गुंडाळावा लागतो. हल्ली मी तिसगावाजवळच्या एका वाडीतल्या शाळेत, कपाटातल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात राहतो. डब्यात माझ्याबरोबर खडूचे तुकडे आहेत, एक गंजलेली टाचणी आहे आणि कुणाचा तरी दुधाचा दात आहे. तो दात इथे कसा आला ते मला ठाऊक नाही. माझं स्वतःचं मात्र मला सगळं आठवतं, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझ्या काचा कोणत्या गावी घासल्या गेल्या हे मी सांगू शकणार नाही. लाकडाच्या भुशात बसून त्या नगरला आल्या एवढं खरं. नगरला रज्जाकभाई नावाचे कारागीर होते. घड्याळं दुरुस्त करायची आणि चष्मे बसवायचे, हे त्यांचं काम. त्यांनी माझ्या काचांच्या कडा दगडी चाकावर घासून गोल केल्या, निकेलच्या चौकटीत बसवल्या, स्क्रू आवळले आणि मला स्वतःच्या नाकावर चढवून एकदा आकाशाकडे पाहिलं. मी पहिल्यांदा पाहिलं ते आकाशच.

दर आठवड्याला रज्जाकभाई तिसगावच्या बाजारात चादर पसरून बसत. चष्म्यांच्या ओळीशेजारी तीन कागद ठेवलेले असत. एक मराठी, एक उर्दू, एक मोडी. ज्याला जे वाचता येईल त्याने ते वाचून चष्मा पारखायचा. ज्याला काहीच वाचता येत नसे त्याच्यापुढे ते सुई आणि दोरा धरत.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या तीन वर्षं आधी गोरक्ष मास्तर तिथे आले. त्यांनी सहा चष्मे लावून खाली ठेवले. सातवा मी. मला लावून त्यांनी मराठी कागदाच्या अगदी तळाची, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतली जाहिरात घडाघडा वाचली आणि हसू लागले. दोन वर्षं ते मुलांना पाटीवर अक्षर मोठं काढा, आणखी मोठं काढा, असं सांगत होते. मुलांना वाटे, मास्तरांना मोठं अक्षर आवडतं.

रज्जाकभाई म्हणाले, "मास्तर, तुमची नजर कुठं गेली नव्हती. अक्षरंच जरा लांब राहायला गेली होती."

अशा रीतीने मी वाडीत आलो. पंचवीस घरांची वाडी. सगळी घरं ख्रिस्ती. शाळेची खोली एकच. आठवड्याचे सहा दिवस ती शाळा आणि रविवारी तेच देऊळ. पाळकसाहेब दूर राहत आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा सायकलवरून येत. एरवी रविवारची प्रार्थना गोरक्ष मास्तरच घेत.

वाडीत नावांची मोठी गंमत होती. मोठ्या माणसांची नावं गोरक्ष, भिमाजी, छबूबाई, अशी चारचौघांसारखी. लहान मुलांची मात्र पवित्र शास्त्रातली. त्यातली बरीचशी इब्री भाषेतली. इब्री ही फार जुनी भाषा आहे, मित्रांनो. मास्तर मुलांना सांगत, की त्या भाषेतलं नाव नुसतं हाक मारायला नसतं, त्याच्या पोटात एक लहानसं वाक्य असतं. इम्मानुएल म्हणजे देव आमच्याबरोबर आहे. दानीएल म्हणजे देव माझा न्याय करणारा आहे. वर्गात एक दानीएल होता. त्याच्या खिशात एकदा शेजारच्या बांधावरची बोरं निघाली. तेव्हा मास्तर त्याला म्हणाले होते, "देव न्याय करील तेव्हा करील. तू आधी बोरं टेबलावर काढ."

युद्ध सुरू झालं आणि माझं काम दुप्पट झालं. वाडीतले नऊ तरुण पलटणीत गेले. त्यांची पत्रं येत. बायका पत्र घेऊन शाळेच्या ओट्यावर बसत, मास्तर मला डोळ्यांवर चढवत आणि वाचत. मजकूर बरा निघाला की बायका मास्तरांचे आभार मानत, पण बघत माझ्याकडे. एकीने तर माझ्या काचेवरून बोटं मोडली होती. त्या दिवसांत माझी छाती फुगली होती. चष्म्याला छाती नसते म्हणा, पण चौकट जरा घट्ट बसल्यासारखी वाटे.

आता वाडीतली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं.

बाळ बारा दिवसांचं झालं की पाळणा बांधत, घुगऱ्या शिजवत, बायका जमत. इथवर सगळीकडच्यासारखंच. पण नाव ठेवायची तऱ्हा निराळी होती. घरातली सर्वांत म्हातारी बाई डोळे मिटून पवित्र शास्त्र मधेच कुठेतरी उघडी आणि एका जागी बोट ठेवी. बोटाखालचं वचन मास्तर वाचत. त्यात जे नाव असेल ते बाळाचं. नाव नसेल तर पुन्हा बोट ठेवायचं. नियम एकच, पण तो फार कडक होता. बोटाखालचं असेल तेवढंच वाचायचं. त्याच्या पुढे जायचं नाही, मागेही जायचं नाही. देवाने दाखवलं तेवढं घ्यायचं आणि पुस्तक मिटायचं. जास्त वाचणं म्हणजे देवाशी बाजारातल्यासारखी घासाघीस करणं, असं सगळे मानत. ही रीत पाडली ती ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीतल्या, वाचता न येणाऱ्या बायकांनी. त्यांना सगळं पुस्तक वाचता येणार नव्हतं. एक बोट ठेवता येत होतं.

चव्वेचाळीस सालच्या फेब्रुवारीत दगडाबाईच्या घरी पाळणा बांधला. दगडाबाईला एकच मुलगा, भिमाजी. तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. आदल्या उन्हाळ्यात रजेवर येऊन गेला होता. दसऱ्यानंतर त्याचं पत्र नव्हतं. त्याची बायको मनकर्णा वीस वर्षांची होती आणि हा तिचा पहिला मुलगा.

दगडाबाईने लाल फडक्यातून शास्त्र सोडलं, डोळे मिटले, पान उघडलं आणि बोट ठेवलं. ते पडलं डाव्या पानाच्या अगदी तळाशी. तिथे वंशावळी होत्या. पानंच्या पानं नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका आणि तमक्याचा फलाणा. मास्तर वाकले. मी वाकलो. त्यांनी वाचलं त्याचा अर्थ असा होता, की याबेस नावाचा एक माणूस होता, आपल्या भावांमध्ये तो अधिक मानाचा होता, आणि त्याच्या आईने त्याचं हे नाव ठेवलं, कारण त्याला जन्म देताना तिला फार दुःख झालं.

मानाचा हा शब्द कुणाच्याच कानात शिरला नाही. शिरला तो दुःख हा शब्द. शेजारच्या छबूबाईने हातातल्या घुगऱ्या तशाच धरून विचारलं, की मग नावाचा अर्थ काय. मास्तरांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, इब्री भाषेत हे नाव दुःखाच्या शब्दाशी जुळतं.

पाळण्याची दोरी धरलेला हात थांबला.

मित्रांनो, माझ्या दोन काचा आहेत. डावी काच डाव्या पानाच्या तळाशी होती, पण उजव्या काचेत समोरच्या पानाच्या वरच्या ओळी आल्या होत्या. तिथे तेच नाव पुन्हा होतं. याबेस. आणि त्याच्यापुढे चार ओळींचा मजकूर होता. मी तो पाहिला. मास्तरांनी पाहिला नाही. बोटाखालचं वाचून झाल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे नजर काढून घेतली आणि पुस्तक मिटलं. मला तोंड असतं तर त्या क्षणी मी ओरडलो असतो. पण चष्मा दाखवू शकतो, बोलू शकत नाही. बघायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

दगडाबाईने शास्त्र पुन्हा लाल फडक्यात बांधलं. मग म्हणाली, "देवानं दिलं ते दिलं. याबेस." तीही घाबरली होती. पण दिलेलं नाव नाकारायला ती त्याहून जास्त घाबरत होती.

मनकर्णाने ते नाव एकदाही उच्चारलं नाही. तिला वाटलं, नाव बाळाचं निघालं, पण बातमी नवऱ्याची निघाली. ती मुलाला राजा म्हणे, चिमण्या म्हणे, नुसतं ए म्हणे. कुणी याबेस म्हणून हाक मारली की त्याला उचलून आत जाई. त्यात छबूबाईची जीभ. बाळ पोटदुखीने रडलं तरी ती भिंतीपलीकडून म्हणायची, "रडंल न्हाई तर काय करंल? नावातच रडनं हाय."

मार्च सरत आला आणि पाळकसाहेबांचा निरोप आला. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ते येणार आणि वाडीतल्या चार बाळांचा बाप्तिस्मा करणार. मास्तरांनी नावांची यादी करून ठेवायची होती. बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेलं नाव मग कायमचं. मनकर्णाने दगडाबाईला विचारलं, की बाळाचा बाप येईपर्यंत थांबता येणार नाही का, त्याला आवडेल ते नाव तो ठेवील. दगडाबाई म्हणाली, आलेल्या पाळकाला परत पाठवायची रीत नाही.

त्या रविवारला आठ दिवस असताना, शनिवारी, शाळा झाडायची पाळी मनकर्णाची होती. मास्तर विहिरीवर पाय धुवायला गेले होते आणि मी खिडकीत होतो. ती झाडत झाडत खिडकीपाशी आली, थांबली आणि तिने मला पदराखाली घेतलं. मास्तरांना चष्म्याशिवाय बारीक लिहिता येत नाही हे तिला माहीत होतं. यादी झाली नाही तर बाप्तिस्मा पुढे जाईल, तीन महिने तरी मिळतील, तेवढ्यात पत्र येईल. एवढाच तिचा हिशेब. घरी जाऊन तिने उतरंडीतलं तिसरं मडकं खाली घेतलं आणि मला बाजरीत पुरलं.

बाजरीत अंधार असतो, मित्रांनो, पण ऊबही असते. आणि मडक्याच्या पोटात आवाज फार चांगले येतात.

पहिल्या दिवशी मास्तरांनी सगळी वाडी शोधून काढली. सोमवारी ते मुलांना पाठ म्हणायला लावून स्वतः डोळे मिटून ऐकत बसले. फळ्यावर त्यांनी गणित मांडलं ते अर्धं फळ्याबाहेर भिंतीवर गेलं, असं पोरं रस्त्याने हसत सांगत होती. मनकर्णा हे सगळं ऐकत होती. जात्यावर बसे तेव्हा तिच्या ओव्या मधेच तुटत.

बुधवारी टपाल आलं. मडक्यातून मला टपालवाल्याच्या काठीचे घुंगरू ऐकू आले आणि मनकर्णा धावत बाहेर गेली. तिचं पत्र नव्हतं. छबूबाईचं होतं. छबूबाईचा मुलगाही त्याच आघाडीवर होता. पुढचं मी नंतर ऐकलं. छबूबाई पत्र घेऊन मास्तरांकडे गेली. मास्तरांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, उन्हात धरलं. शिसपेन्सिलीने लिहिलेलं पत्र ते. एक अक्षरही लागलं नाही. मोठ्या मुलांना छापील अक्षर येत होतं, पण हे पुसट लिखाण त्यांनाही लागेना. तिसगावला जाऊन कुणाकडून वाचून घ्या, असं त्यांनी सुचवलं. छबूबाई नाही म्हणाली. परक्या माणसाने काही वाईट वाचलं तर परत दोन कोस चालून येण्याचं बळ आपल्यात राहील का, असं तिला वाटत होतं.

ती ते पत्र घेऊन भिंतीपलीकडे बसली. बुधवार गेला. गुरुवार गेला. ती न बोलता बसली होती, आणि छबूबाई बोलत नाही हे वाडीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी मनकर्णा पाणी भरून येत होती. छबूबाई उंबऱ्यावर बसून पत्राच्या घडीवरून अंगठा फिरवत होती, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. जणू अंगठ्याने वाचता येईल.

तिने मनकर्णाला पाहून एवढंच विचारलं, "तुझं आलं न्हाई ना गं पत्र? येईल. माझं आलंय, पर आलं काय अन् न आलं काय."

मनकर्णा घरात आली आणि हंडा खाली ठेवायच्या आत तिने मडक्यात हात घातला. घाईत तिने मला उजव्या काडीला धरून ओढलं. बाजरी दाबून बसलेली होती. काडी कट्‌कन मोडली.

खरं सांगायचं तर, काडी मोडली नसती तर तिने मला गुपचूप खिडकीत नेऊन ठेवलं असतं. पण मोडका चष्मा कुणी गुपचूप ठेवत नाही. तिने बाळाला खांद्यावर घेतलं, मला मुठीत घेतलं आणि भर शाळेत जाऊन मास्तरांसमोर उभी राहिली. मला टेबलावर ठेवून म्हणाली, "मी चोरला हुता. बाजरीत ठिवला हुता. काडी मोडली."

मास्तरांनी मला उचललं. माझ्या चौकटीतून दोन-तीन दाणे टेबलावर पडले. त्यांनी ते बोटाने गोळा केले, मुलांना खेळायला बाहेर पाठवलं आणि मग म्हणाले, "बाजरीत ठेवलास हे बरं केलंस, पोरी. माझ्या घरी असता तर उंदरांनी काडीच काय, मलाही खाल्लं असतं." ते असं म्हणाले खरे, पण सहा दिवस ते आंधळ्यासारखे वावरले होते. त्यांनी टेबलाच्या खणातून काळा दोरा काढला, मोडक्या जागी बांधला आणि कानाभोवती गुंडाळला. मग तिला विचारलं, की का केलंस. तिने सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी बातमी नवऱ्याची निघाली हेही.

मास्तर म्हणाले, की त्याचं बोलू, पण आधी जे अडलंय ते सोडवू. छबूबाईला बोलावणं गेलं. ती आली, तिच्यामागोमाग दगडाबाई आली, कारण सून भर शाळेत जाऊन उभी राहिली ही खबर एव्हाना घरोघर पोचली होती.

मी पत्र वाचलं. म्हणजे मास्तरांनी वाचलं. मुलगा खुशाल होता. पायाला लागलं होतं ते बरं झालं होतं. लसणाची चटणी पाठवा, इथली भाजी नुसतं गवत आहे, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती, की भिमाजी वेगळ्या तुकडीत गेला आहे, पंधरा दिवसांपूर्वी नदीवर भेटला, ठीक आहे, तिथून टपाल निघत नाही.

छबूबाईने पदर तोंडात धरला. ती रडत होती की हसत होती हे माझ्यासारख्या मुरलेल्या चष्म्यालाही ओळखता आलं नाही. मनकर्णा मात्र उभी होती ती खाली बसली. मास्तरांनी ती ओळ तिला दोनदा वाचून दाखवली. मग तिसऱ्यांदा.

एखाद्याला वाटेल, की एवढ्यावर सगळं संपलं. पण मनकर्णाने बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, की आज खुशाल आहे म्हणून उद्याची भीती जात नाही, आणि हे नाव तर रोजचं आहे. मग तिने असा एक प्रश्न विचारला, जो त्या वाडीत तोवर कुणी विचारला नव्हता.

"मास्तर, त्या पोराचं म्होरं काय झालं?"

"कुठल्या पोराचं?"

"त्या शास्तरातल्या. आईनं दुःखात नाव ठिवलं. मग पोरगं मोठं झालं आसंल की. त्याचं काय झालं?"

वीस वर्षं मास्तर पवित्र शास्त्र शिकवत होते. पण नावांच्या त्या कंटाळवाण्या यादीशी आले की तेही पानं उलटून पुढे जात. खाली मान घालून ते म्हणाले, "मला माहीत नाही, पोरी. मी ते कधी नीट वाचलंच नाही."

शास्त्र दगडाबाईच्या घरून आणलं गेलं. दगडाबाईने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. म्हणाली, "बोटाखालचं तेवढंच वाचायचं. मरताना सासूनं मला सांगितलंय."

मनकर्णा सासूशी कधी उलटून बोलत नसे. त्या दिवशीही ती हळूच बोलली. "आत्याबाई, बोट तुमचं. पान तर देवाचं हाय ना?"

दगडाबाईने जरा वेळाने पुस्तक टेबलावर ठेवलं. मास्तरांनी ते पान शोधलं. डाव्या पानाच्या तळापासून त्यांनी सुरुवात केली आणि या वेळी नजर उचलली नाही. ती सरळ माझ्या उजव्या काचेत आली. दोन महिने मी ज्या ओळी एकटा सांभाळत होतो त्या अखेर त्यांच्या डोळ्यांत उतरल्या. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

त्यांनी आधी मनात वाचलं. मग आमच्या बायकांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. हाच याबेस मोठा झाला आणि त्याने देवाकडे मागणं मागितलं. माझं भलं कर. माझी शीव रुंद कर. तुझा हात माझ्यावर असू दे. आणि दुःख माझ्यापासून लांब ठेव.

"अन् मग?" छबूबाईनेच विचारलं.

"देवाने त्याला ते दिलं."

"आसं लिवलंय?" दगडाबाईने विचारलं.

"असंच लिहिलंय. इथे, समोरच्या पानाच्या वरती. तुमच्या बोटापासून वीतभर अंतरावर."

बाहेर पोरांचा आट्यापाट्यांचा गलका चालला होता. मास्तर मला काढून धोतराच्या टोकाने पुसू लागले, आणि पुसता पुसता त्यांना जे सुचलं ते त्यांनी सांगितलं. शास्त्रात कितीतरी जणांची नावं देवाने बदलली आहेत. अब्रामाचा अब्राहाम झाला. याकोबाचा इस्राएल झाला. याबेसाचं मात्र नाव बदललं नाही. आईने दुःखात ठेवलेलं नाव घेऊनच तो देवासमोर उभा राहिला, आणि देवाने त्याच नावाच्या माणसाचं ऐकलं. "म्हणजे हे नाव शाप नाही, मनकर्णा. आईचं दुःख नावात आहे हे खरं, पण ते नाव प्रार्थनेचं झालं. आणि नुसत्या मागण्याचं नाही, ऐकल्या गेलेल्या मागण्याचं."

दगडाबाई जमिनीकडे बघत होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझ्या आदी चार लेकरं गेली हुती. म्हनून आईनं मला दगड म्हटलं. मरान दगडाकडं बघत न्हाई म्हनं. ती बी दुःखातच बोलली आसंल." आणि थोडं थांबून, "मी साठ वर्सांची झाले की."

मास्तरांनी यादी लिहायला घेतली. तीन बाळांची नावं लिहिली आणि चौथ्या जागी टाक उचलून धरला. मनकर्णाला म्हणाले, नाव बदलायचं असेल तर अजून बदलता येईल, रीत माणसांनीच पाडलेली आहे. मनकर्णा म्हणाली, जागा तशीच राहू द्या. त्यांनी ती राहू दिली.

झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब आले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. झावळ्या मिळाल्या नव्हत्या म्हणून मुलांच्या हातांत लिंबाचे डहाळे होते. पाळकसाहेबांनी पहिल्या तिघांची नावं यादीतून वाचली. चौथ्या ओळीवर ते अडले आणि मास्तरांकडे बघू लागले. मास्तर काळा दोरा सावरत म्हणाले, नाव आई सांगेल. पाळकसाहेबांनी बाळ हातांवर घेतलं, पाण्यात बोटं बुडवली आणि विचारलं, बाळाचं नाव काय.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच मनकर्णाने ते नाव घेतलं. हळू नाही. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल असं.

"याबेस."

त्यानंतर मास्तरांच्या नाकावर मी फार वर्षं राहिलो नाही. सेहेचाळीस साली भिमाजी परत आला. ते नावामुळे झालं असं मी म्हणणार नाही, कारण वाडीतले नऊ गेले होते आणि सात परत आले, आणि न आलेल्या दोघांचीही नावं चांगलीच होती. नाव म्हणजे ताईत नव्हे. वाडीतली रीत मात्र जराशी बदलली. आजही बोट ठेवतात, पण वाचताना ती गोष्ट संपेपर्यंत मास्तर थांबत नाहीत. कधी कधी घुगऱ्या गार होतात, आणि छबूबाई कुरकुरते.

मास्तरांची नजर आणखी उतरली आणि त्यांना नवा चष्मा आला. मी डब्यात आलो. मधल्या सुट्टीत पोरं मला चोरून काढतात आणि उन्हात धरून माझ्या काचेने कागद जाळतात. मला ते आवडत नाही. माझ्यावर चरे पडलेत, एका काचेला बारीक तडा आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा चष्मा असेल तर तो मऊ कापडाने पुसा, काचेवर पालथा टाकू नका, आणि तो सापडत नसेल तर शोधायला मदत करा. चष्मा हरवला की त्या माणसाचं अर्धं गाव हरवतं. आणि वाचायला बसलात की पान संपलं म्हणून उठू नका.

परवा शाळेत नवीन मुलांची नावं घातली. डब्याचं झाकण उघडं होतं म्हणून मला दिसलं. पाच वर्षांचा एक मुलगा, तेल लावून चापून भांग पाडलेला, मास्तरांसमोर हाताची घडी घालून उभा होता. मास्तरांनी नाव विचारलं. त्याने सांगितलं. अर्थ माहीत आहे का, असं मास्तरांनी विचारलं. दुःख असं तो म्हणेल आणि मग आपण पुढचं समजावून सांगू, असा त्यांचा बेत असावा.

मुलगा म्हणाला, "आई म्हनती, त्याचं देवानं ऐकलं."

इब्री भाषेत त्याचा अर्थ असा होत नाही. मास्तरांना ते चांगलं ठाऊक होतं. पण त्यांनी त्याला काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि हजेरीपटावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं.